शाखाध्यक्ष

आमचा अजून वॉर्ड झालेला नाही.
तेवढी माणसंच नाहीत. धुळ्यात आम्ही
कच्च्याबच्च्यांसकट सतरा,
म्हणून नुसती शाखा,
आणि शाखेला असतो तसा एक शाखाध्यक्ष:
हिलाल आप्पा बेडसे.
येथे मिक्सर व टेबलफॅन दुरुस्त करून मिळतील.

हे मी भटूला सांगायला नको होतं.
मतदारयादी घेऊन आला, घामाघूम,
खुर्ची ओढून बसला. मी लिंबाचं सरबत पुढे केलं.
चहा? आम्ही घेत नाही. पूडच नसते घरात.
त्याने पेन खाली ठेवलं.
‘चहा बी नही पेतस?’
बारा वर्षांपूर्वी नणंदेनेही असंच पाहिलं होतं,
जणू मी तिला उंबऱ्यावरच थोपवलं.
दारू सोडली म्हटलं की लोक गळ्यात माळ शोधतात,
चहा सोडला म्हटलं की डॉक्टरचं नाव विचारतात.
मी म्हटलं, आमची प्रार्थना असते, गल्ली नंबर सहात,
दर रविवारी. शाखाध्यक्ष असतात.
‘तुमना शाखाध्यक्ष कोनता पक्षना शे?’
मला हसू आलं, आणि तिथंच चुकलं.
यादीत माझ्या नावापुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलं.
खरं सांगू? मला ते शोभून दिसलं.

रविवारी साडेनऊला मी कीबोर्डची वायर सोडवते.
हात वडिलांच्या पेटीवर वाढलेला,
गुरुवारच्या भजनातला.
स्तोत्र चालतं इस्त्रीच्या सदऱ्यासारखं, सरळ,
आणि माझा डावा अंगठा मधेच झोल देतो.
एल्डर वळून बघतो. राजमहेंद्रीचा पोरगा,
वय एकोणीस, लोणच्याच्या वासाने हळवा होणारा,
आणि आम्ही त्याला वडीलधारा म्हणायचं.
मी अंगठा आवरते.

पाव तोडताना गायचं ते स्तोत्र
हळू असतं, फार हळू.
पाव तुटल्याचा आवाज यावा इतकं.
त्या रविवारी दुसऱ्या कडव्याला रिक्षा आली,
टपावर दोन भोंगे,
ताई माई अक्का,
आणि खाली ढोलकी अशी की काचेचा तावदान थरथरला.
गाणं त्याच सुरात होतं.
हे मी कुणाला बोलले नाही.
वेगळ्या सुरात असतं तर वाचलो असतो,
पण हाताला घर सापडलं आणि हात धावला.
सतरा माणसं ढोलकीच्या मागे पळायला लागली,
देवरे सिस्टर सगळ्यांच्या पुढे, डोळे मिटून.
पाव संपायच्या आत स्तोत्र संपलं.
मग नुसती शांतता, आणि प्लास्टिकच्या चिमुकल्या पेल्यांत
टाकीचं कोमट पाणी.

साक्ष द्यायला देवरे सिस्टर उठल्या.
‘मना आंडोरना आवाज शे तो,’ म्हणाल्या.
‘पाचशे रुपया रोज भेटस.’
एवढंच. आमेन.
सगळे म्हणालो, आमेन.

शेवटी आप्पांनी पत्र वाचलं. वरून येतं, दर निवडणुकीला येतं:
मंडळी कुठल्याच पक्षाच्या बाजूने नाही,
मत ज्याने त्याने विचार करून द्यावं.
वाचताना चष्मा दोनदा काढला, पुसला.
वाघ ब्रदरच्या खिशातून पक्षाचं उपरणं
बोटभर बाहेर आलं होतं. आप्पांनी ते पाहिलं,
आणि पुढच्या आठवड्याला प्रार्थना कोण करणार
ते विचारलं.
आप्पा स्वतः कुणाला मत देतात, मला माहीत नाही.
त्यांच्या बायकोलाही नसावं.

रात्री सगळे झोपल्यावर
मी कीबोर्डचा आवाज शून्यावर आणला
आणि रिक्षातलं गाणं वाजवून पाहिलं,
स्तोत्राच्या चालीने, हळू.
पट्ट्यांचा टकटक आवाज तेवढा.
मागणंच होतं तेही. हात जोडून, नाव घेऊन,
पाच वर्षांसाठी.
अंगठा मोकळा सोडला होता.
मग वायर गुंडाळली.
विरजण लावायचं राहिलं होतं.